कर्नलमधून जुने डिस्क ड्रायव्हर काढणं बरोबर आहे का? आमचा काटा शनिवारी बंद पडला

हळदबाजार (धागाकर्ता)

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ आमचं हळदीचं गोदाम आहे. दारातच भुईकाटा. त्याचा कॉम्प्युटर 2008 चा, वजनाला धोंडा. 2019 च्या पुरात पाणी येईल या भीतीनं माळ्यावर चढवला होता. पाणी ओसरल्यावर खाली आणला, बटण दाबलं आणि चालू. त्यावर लिनक्स आहे आणि वजनाची पावती छापणं एवढंच त्याचं काम.

मागच्या शनिवारी भाचा म्हणाला, "मामा, लई जुनं झालंय, अपडेट करतो," आणि डेबियन 12 ह्या लिनक्सच्या आवृत्तीवर नेलं. झालं कल्याण. काळ्या पडद्यावर एक ओळ आली, की 'एचडीए2' अस्तित्वातच नाही. खाली लुकलुकणारा कर्सर. बाहेर गाड्या उभ्या, हमाल पोत्यांवर तंबाखू मळत बसलेले. शेवटी दुसऱ्याच्या काट्यावर पैसे मोजून वजनं केली.

भाच्यानं शोधून सांगितलं की आयडीई डिस्कचा, म्हणजे जुन्या चपट्या केबलवाल्या डिस्कचा, जुना ड्रायव्हर (ती चालवणारा कोड) 2021 मध्ये, 5.14 आवृत्तीत, कर्नलमधून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातून, काढून टाकलाय. कोडच्या चाळीस हजारांवर ओळी एका दमात. चालती वस्तू मोडायचा अधिकार ह्यांना दिला कुणी? त्या ओळी पडून राहिल्या असत्या तर काय कुणाच्या घरी जेवायला मागत होत्या?

ओळ_न_ओळ

काका, तुमचा खोळंबा झाला हे वाईटच. पण तुमच्या डिस्कचा ड्रायव्हर गेलेला नाही. आयडीई डिस्क चालवणारे दोन ड्रायव्हर कर्नलमध्ये शेजारी शेजारी नांदत होते. एक जुना. दुसरा लिबएटीए, ज्यात आयडीईची सोय 2006 सालच्या 2.6.19 आवृत्तीपासून आहे. जुना गेला, दुसरा आहे. जुना डिस्कला 'एचडीए' म्हणायचा, नवा 'एसडीए' म्हणतो. तुमच्या पुरवठादारानं बूटच्या ओळीत (चालू होताना कर्नलला दिलेल्या सूचना) आणि एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठं जोडायची ती यादी) एचडीए2 हातानं लिहून ठेवलंय. डिस्क समोरच बसली होती, कर्नल तिला माहेरच्या नावानं हाका मारत होतं.

आणि ओळी जेवायला मागतात. रोज मागतात. कर्नलच्या आतले करार, म्हणजे त्याचे भाग एकमेकांशी कसे बोलतात ते नियम, स्थिर नसतात, ते मुद्दाम तसे ठेवलेत. गळिताच्या हंगामात साखर कारखान्याच्या गेटवर एकच काटा असला तर उसाच्या गाड्यांची रांग कुठवर जाते ते तुम्ही पाहिलंय. जुन्या ब्लॉक लेयरचं, म्हणजे डिस्ककडे कामं पाठवणाऱ्या कर्नलच्या भागाचं, तसंच होतं, एका डिस्कला एक रांग आणि रांगेला एक कुलूप. फिरत्या डिस्कला ते पुरायचं, कारण ती सेकंदाला शेदोनशे कामंच उरकते. मग एनव्हीएमई, म्हणजे नव्या वेगवान एसएसडींची पद्धत, आली, सेकंदाला लाखो कामं आणि 65,535 पर्यंत रांगा. म्हणून 3.13 आवृत्तीत अनेक रांगांची नवी पद्धत आणली आणि 2019 मध्ये, 5.0 मध्ये, जुनी एकरांगी पद्धत पूर्ण काढली. त्यासाठी प्रत्येक ब्लॉक ड्रायव्हर नव्या पद्धतीवर आणावा लागला. ज्याचं कार्ड जगात कुणाच्या टेबलावर नाही, त्याचाही. आता तो बदल नीट झाला की नाही हे तपासणार कोण?

कुपवाड_एमआयडीसी

वा! म्हणजे नाव बदललं, मशीन बंद पडलं आणि चूक हळदवाल्या काकांची. 'आम्ही युजरस्पेस (कर्नलवर चालणारे लोकांचे प्रोग्रॅम) मोडत नाही' हे ब्रीद लिनक्सवाले छातीवर मिरवतात ना? एचडीए चं एसडीए झालं आणि काटा थांबला, ह्याला मोडणं नाही तर काय आरती म्हणायची?

आमच्या शॉपमध्ये एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) आहे, तिला प्रोग्रॅम अजून फ्लॉपीवरून जातो. ऑफिसात एक जुना पीसी फक्त फ्लॉपी लिहायला ठेवलाय. 2019 मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्सनी फ्लॉपी ड्रायव्हरला 'ऑर्फन' ठरवलं. का, तर चालतं हार्डवेअर मिळत नाही आणि बाजारात आहेत ते यूएसबीवाले. आमच्याकडे या, चहा घेऊ, चालतं हार्डवेअर दाखवतो. ह्या लोकांना वाटतं जग म्हणजे लॅपटॉप. कारखान्यातलं मशीन 20 वर्षं चालवायचं म्हणून घेतलेलं असतं, त्याचं कर्ज फिटायलाच सहा-सात वर्षं जातात.

ओळ_न_ओळ

नावाचा मुद्दा तुम्ही बरोबर धरलात, तो मला टोचलाच. पण दोन्ही ड्रायव्हर 15 वर्षं सोबत होते आणि कुठला वापरायचा हे कर्नल बिल्ड करणारा, म्हणजे तयार करणारा, ठरवत होता. काकांच्या पुरवठादारानं जुनीच कॉन्फिग (निवडींची यादी) पुढं ओढत नेली.

फ्लॉपीचं अर्धंच सांगितलंत. 'ऑर्फन' म्हणजे काढून टाकलं असं नव्हे, तर वाली नाही असं. त्याच वर्षी एक जण पुढं आला, सांभाळायला घेतो म्हणाला आणि नोंद बदलली. ड्रायव्हर आजही कर्नलमध्ये आहे. कर्नलच्या मेंटेनर्स (सांभाळणारे) नावाच्या फाइलमध्ये प्रत्येकापुढं अशी अवस्था लिहिलेली असते. कुणाला पगार देऊन सांभाळतात, कुणाला हौसेनं, कुणाकडे सठीसहामाशी बघतात, कुणाला कुणीच नाही. सातबाऱ्यासारखी फाइल आहे ती. आपल्या जमिनीवर कुणाचं नाव लागलंय ते अधूनमधून बघावं.

सातारकर_रूट

मी साताऱ्यात एका पतसंस्थेचे सर्व्हर बघतो. माझं मत कडू आहे, जे कुणी सांभाळत नाही ते काढा. 2014 मध्ये ह्याच फ्लॉपी ड्रायव्हरमध्ये दोन भोकं सापडली होती, फ्लॉपीच्या फाइलवर लिहायची परवानगी असलेल्या साध्या युजरला कर्नलच्या मेमरीपर्यंत पोचता यायचं. 2015 मध्ये व्हेनम नावाचं भोक गाजलं, तेही फ्लॉपी कंट्रोलरच्या कोडमध्ये. ज्या व्हर्च्युअल मशीनला फ्लॉपी लावलेलीच नव्हती तीसुद्धा धोक्यात. ऑडिटला आलेला माणूस मला विचारतो, हा मॉड्यूल (कर्नलला जोडता-काढता येणारा ड्रायव्हर) कशाला चालू आहे. त्याला काय सांगू, कुपवाडला एका व्हीएमसीला लागतो म्हणून?

कुपवाड_एमआयडीसी

व्हेनम क्यूईएमयूमधलं, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममधलं होतं, कर्नलमधलं नव्हे. दोन गोष्टींची खिचडी करू नका. आणि मॉड्यूल नको तर ब्लॅकलिस्ट करा की, तुमच्यापुरता बंद. तुमच्या ऑडिटरसाठी माझ्या शॉपची फ्लॉपी का मारायची?

सातारकर_रूट

मान्य, ते क्यूईएमयूमधलं होतं. मुद्दा तसाच उभा आहे.

विश्रामबाग_रिपेअर

मी दुकानात रोज डिस्का उघडतो. दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं आहे असं गुळमुळीत बोलणार नाही, काय झालं ते सांगतो.

2022 च्या शेवटी एका स्टुडिओवाल्याच्या पीसीत स्वस्तातल्या दोन सारख्या एनव्हीएमई बसवल्या. एक दिसली, दुसरी गायब. स्लॉट बदलला, अदलाबदल केली, तरी एकच दिसायची. डीमेसेज, म्हणजे कर्नलची नोंदवही, वाचलं तर तिथं लिहिलेलं, ग्लोबली डुप्लिकेट आयडी. प्रत्येक ड्राइव्हनं जगात एकमेव असा आयडी सांगायचा असतो. ह्या कंपनीनं सगळ्या मालावर एकच ठोकून दिलेला. एकाच आधार नंबरवर अख्खं गाव! कर्नल म्हणालं, मी दुसरीला ओळखत नाही.

ह्यावर उपाय म्हणजे ड्रायव्हरमधल्या यादीत एक ओळ, व्हेंडर नंबर, डिव्हाइस नंबर आणि पुढं शेरा की ह्याचा आयडी खोटा, धरू नका. मी ती घातली, कर्नल बिल्ड केलं, दोन्ही ड्राइव्ह दिसल्या. मग तो बदल, म्हणजे पॅच, कर्नलवाल्यांना पाठवायचं ठरवलं. पहिला मेल परत आला कारण एचटीएमएलमध्ये होता, तिथं साधा मजकूरच चालतो. दुसऱ्यात टॅबच्या जागी स्पेस गेल्या आणि पॅच लागेना. तिसऱ्यांदा पोचला. दोन दिवसांत उत्तर आलं, एका ओळीचं, आणि घेतला. एवढ्या मोठ्या कोडमध्ये आपली एक ओळ! बायकोला दाखवली, ती म्हणाली, ह्याचे किती मिळाले?

पुढची गंमत अशी की ही यादी शेपटासारखी वाढत गेली. स्वस्त एसएसडी बाजारात येतच होत्या आणि लोकांचा डेटा कर्नलच्या तत्त्वापायी अडकत होता. शेवटी 2023 मध्ये नियम सैल केला, साध्या एकपोर्टी ड्राइव्हचा आयडी डुप्लिकेट असला तरी इशारा देऊन चालू करायची. म्हणजे ते ऐकतात. पण आपल्या बाजारात काय माल येतो हे त्यांना कुणीतरी सांगावं लागतं. दिल्ली दरवाजा ठोठावल्याशिवाय उघडत नाही.

हळदबाजार

तुम्ही लोकांनी मला येड्यात काढलं असं वाटत होतं, पण भाच्याकडून एसडीए करून घेतलं. खरं तर नावाऐवजी यूयूआयडी (न बदलणारा ओळख नंबर) घातला, तेच बरं असं कुणीतरी निरोप पाठवून सांगितलं होतं. काटा चालू झाला. आभार.

पण माझा राग गेलेला नाही. काढणार होतात तर आधी सांगायचं. आमच्या घरचं लाइट बिल थकलं तरी नोटीस येते.

ओळ_न_ओळ

काका, आधीचं कर्नल कुठलं होतं?

हळदबाजार

भाचा म्हणतो 5.10. पुरवठादारानं 2021 मध्ये बसवलेलं.

ओळ_न_ओळ

मग नोटीस आली होती. 2019 पासून जुना ड्रायव्हर चालू झाला की प्रत्येक बूटला लिहून यायचं, हा 2021 मध्ये काढणार आहोत, लिबएटीए वापरा, कुठलं हार्डवेअर चालत नसेल तर ह्या पत्त्यावर कळवा. रोज सकाळी तुम्ही काटा चालू करत होतात तेव्हा येत होतं ते.

हळदबाजार

सकाळी पडदा काळाच असायचा हो. अगरबत्ती लावून होईपर्यंत पावतीचा प्रोग्रॅम यायचा.

विश्रामबाग_रिपेअर

बूटच्या ओळीत 'क्वाएट' (पडद्यावर संदेश दाखवू नको) घातलं असणार. गिऱ्हाइकाला इंग्रजी अक्षरं धावताना दिसली की ते फोन करतं, म्हणून सगळेच घालतात. मीही घालतो.

कुपवाड_एमआयडीसी

बघा म्हणजे. नोटीस काढली आणि ती गिऱ्हाइकानं वाचूच नये अशी सोय पण केली. तलाठी ऑफिसच्या दाराआड लावलेल्या जाहीर नोटिशीसारखं.

सातारकर_रूट

पण 'क्वाएट' कर्नलवाल्यांनी घातलं नाही, पुरवठादारानं घातलं. आणि 20 वर्षांची मशीनं म्हणता, तर त्यासाठीही सोय आहे. सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म म्हणून एक प्रकल्प निवडक कर्नल 10 वर्षं सांभाळतो. त्यांचं 5.10 तर 2031 पर्यंत आहे. उलट नेहमीच्या एलटीएसची, म्हणजे दीर्घकाळ सांभाळायच्या कर्नलची, मुदत सहा वर्षांवरून दोनवर आणणार असं 2023 मध्येच सांगितलं, कारण सांभाळणारे दमले. पुरवठादारानं पैसे घेतले तर असा पर्याय शोधणं त्याचं काम.

कुपवाड_एमआयडीसी

पुरवठादार आता मोबाईलचं दुकान चालवतोय. फोन उचलत नाही.

ओळ_न_ओळ

एक उदाहरण देतो, मग मला झोपायचंय. मायलेक्स कंपनीची डीएसी960 नावाची, अनेक डिस्का एकत्र चालवणारी जुनी 'रेड' कार्डं होती, गेल्या शतकातली. एकरांगी पद्धत जाणार म्हटल्यावर त्यांचा ड्रायव्हर सरळ कापला गेला असता. पण सुसे ह्या लिनक्स कंपनीच्या हानेस राइनेके ह्यांनी तो स्कझी ह्या कर्नलमधल्या दुसऱ्या डिस्क-चौकटीत नव्यानं लिहिला, दोन ड्रायव्हर करून. 4.20 मध्ये जुना गेला, नवे आले. त्या कार्डांवर काम करणारा एक माणूस निघाला, एवढंच झालं. कुपवाडकर, तुमचा फ्लॉपीवाला पीसी तसाच आहे. महिन्यातून एकदा नवं कर्नल टाकून फ्लॉपी लिहून बघा आणि चाललं असं कळवा. 'टेस्टेड-बाय', म्हणजे तपासणारा, म्हणून तुमचं नाव लागेल.

कुपवाड_एमआयडीसी

फुकट? मला तीन शिफ्ट सांभाळायच्यात दादा. माझ्या मशीनवर तुमची चाचणी, माझ्या विजेवर, आणि वर नाव लागलं म्हणून पेढे मीच वाटायचे. पैसेवाल्या कंपन्या ह्याच कर्नलवर कोट्यवधी कमावतात, त्यांनी ठेवावा की एक माणूस जुन्या डिस्कांना.

ओळ_न_ओळ

ठेवलेत, पण ते त्यांच्या डिस्का बघतात. लिबएटीएचे मेंटेनर सुद्धा डिस्क बनवणाऱ्या कंपनीतलेच. तुमची फ्लॉपी त्यांच्या कारखान्यात निघत नाही.

कुपवाड_एमआयडीसी

मग झालं ना माझंच म्हणणं सिद्ध.

हळदबाजार

भांडू नका. भाच्याकडून 'क्वाएट' काढून घेतलं. आता अक्षरं पळतात, मोबाईलवर फोटो काढून सावकाश वाचतो. एक ओळ कळली नाही. लिहिलंय, यूडीएमए/33 पर्यंतच मर्यादित, कारण 40 तारांची केबल. हे वाईट आहे का?

विश्रामबाग_रिपेअर

वाईट नाही, हळू आहे. यूडीएमए/33 म्हणजे डिस्कचा कमी वेग. आतली चपटी पट्टी 40 तारांची आहे, 80 वाली पाहिजे. नवीन कुठं मिळायची नाही. माझ्याकडे खोक्यात तीन-चार पडल्यात, दुकानावरून घेऊन जा. आणि काका, डिस्क पण 2008 चीच का?

हळदबाजार

होय. कंपनीचं स्टिकर पण तसंच आहे.

विश्रामबाग_रिपेअर

मग येताना पेन ड्राइव्ह घेऊन या. केबल नंतर.