मदत हवी आहे: विश्वास वागण्यातून दिसावा, पण दिखावा होऊ नये

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. एक प्रश्न बरेच दिवस मनात आहे.

बायबलमधल्या डोंगरावरील प्रवचनात येशू सांगतो की तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या, म्हणजे ते तुमची सत्कर्मे पाहून स्वर्गातील पित्याचे, म्हणजे देवाचे, गौरव करतील (मत्तय ५:१६). त्याच प्रवचनात पुढे, मत्तय ६:१-४ मध्ये, लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका, दान गुप्तपणे द्या, असेही आहे. मला दोन्ही मनापासून पाळायचे आहे.

कामाच्या ठिकाणी अडचणीतल्या सहकाऱ्याला मदत केली, तर ख्रिस्तामुळे करतो हे सांगावे का? न सांगितल्यास गौरव पित्याला कसा मिळणार? आणि सांगितले, तर समोरच्याला उपकाराचे ओझे वाटणार नाही ना?

गलतीकरांस पत्रात (५:२२-२३) आत्म्याचे फळ म्हणून सहनशीलता, ममता, सौम्यता येतात. हे सगळे रोजच्या वागण्यातलेच आहे. योहान १३:३५ मध्ये तर शिष्यांची ओळख एकमेकांवरील प्रीती अशी आहे. म्हणजे मंडळीतले (चर्चमधले) तंटेही बाहेरचे लोक पाहतातच, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

तुम्ही हे प्रत्यक्षात कसे जगता? वचनांच्या स्पष्टीकरणापेक्षा अनुभव हवे आहेत. ख्रिस्ती नसलेल्यांनीही जरूर लिहावे: एखाद्याच्या वागण्यातून त्याचा विश्वास तुम्हाला कधी जाणवला?