लॅबव्ह्यूत टीमने काम करताना उघडे क्लस्टर नकोतच! (भांडायला तयार आहे)

वायरमन_पुणेकर:
आधी झालेलं सांगतो मग भांडा. मोटर टेस्ट बेंच, चार जणांची टीम. लॅबव्ह्यू म्हणजे वायरी जोडून प्रोग्रॅम करायचं सॉफ्टवेअर, त्यात लिमिट्सचा एक क्लस्टर (अनेक व्हॅल्यूंची एकत्र बांधलेली मोळी), आत सोळा फील्ड, करंटचं मिन आणि मॅक्स शेजारी शेजारी, दोन्ही एकाच प्रकारचे, डबल (दशांश आकडे). एका पोराने "पॅनलवर नीट दिसत नाही" म्हणून त्या दोघांचा क्रम उलटा केला. टाइपडेफ (एका फाइलमधली सामाईक व्याख्या) होता त्यामुळे सगळीकडे आपोआप अपडेट, एक वायर तुटली नाही, रनचा बाण जागच्या जागी अखंड, म्हणजे एरर शून्य. पण एका जुन्या व्हीआयमध्ये (लॅबव्ह्यूतला एक प्रोग्रॅम) साधा अनबंडल (क्लस्टर सोडून फील्ड काढणारा ब्लॉक) बसलेला, नावाने फील्ड काढणारा नाही, तो चालतो क्रमावर. झालं, तिथे मिनच्या जागी मॅक्स. दुपारपर्यंत एक मोटर पास होईना, आम्ही सेन्सर बदलला, केबल बदलली, सप्लायवर संशय घेतला.
म्हणून म्हणतो, क्लास करा, म्हणजे डेटा आत लपवायचा आणि ठरावीक व्हीआयमधूनच हाताळू द्यायचा. लॅबव्ह्यू ८.२० पासून म्हणजे २००६ पासून सोय आहे आणि अजून लोक लांबूनच नमस्कार करतात.

जुनाखोड:
काहीही. तुमचं घोडं अडलं साध्या अनबंडलपाशी आणि औषध सांगताय क्लासचं. टाइपडेफ करा, बंडल-अनबंडल कायम बाय नेम, विषय संपला. सोळा फील्डना रीड-राइट धरून बत्तीस अ‍ॅक्सेसर व्हीआय होतात, ते कोण सांभाळणार? वर प्रोग्रॅम चालू असताना क्लास लॉक, बारीकसा बदल करायलाही सगळं थांबवा. आमच्याकडे निम्मी पोरं इन्स्ट्रुमेंटेशनची, क्लासमधलं इन्हेरिटन्स म्हटलं की सातबारा आठवतो त्यांना.

वायरमन_पुणेकर:
सर, बाय नेमचा नियम आमच्याकडे भिंतीवर चिकटवलेला होता हो. अजून आहे. कागद काय करणार.
आणि बत्तीस करायचेत कशाला? मिन मॅक्स बाहेर द्यायचेच नाहीत. "लिमिटमध्ये आहे का" एवढा एकच व्हीआय ठेवायचा, करंट आत घाला, हो किंवा नाही बाहेर घ्या. आत क्रम उलटा करा, फील्ड वाढवा, बाहेरच्याला पत्ता नाही. प्रायव्हेट डेटाची वायर क्लासबाहेर कुणी अनबंडल करायला गेला तर तुटतेच ना, पोरगं लगेच विचारायला येतं. प्रत्येक फील्डला अ‍ॅक्सेसर काढला तर तो क्लस्टरच झाला, नुसता टोपी घातलेला.

नुसतीच_वाचक:
दोघांनाही एक विचारू? सोळा फील्ड एका क्लस्टरमध्ये आली कशी? करंट, तापमान, वेळ, रिपोर्टचा पाथ, सगळं एकाच पिशवीत कोंबलंय वाटतं 😀
आमचा त्रास वेगळा. टाइपडेफची सीटीएल फाइल बायनरी, साधा मजकूर नाही, गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) दोघांनी एकाच दिवशी हात लावला की मर्ज, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करणं, विसरा, एकाचं काम गेलंच. म्हणून छोटे छोटे टाइपडेफ केले, एका वेळी एकानेच उघडायचा, उघडण्याआधी ग्रुपवर "मी घेतलाय" टाकायचं. बावळट वाटतं पण चालतं. आणि ब्लॉक डायग्रामवर (वायरी जोडतो तो भाग) क्लस्टरचा कॉन्स्टंट टाकू नका हो प्लीज. टाइपडेफ बदलताना तो व्हीआय मेमरीत नसला की पुढच्या वेळी उघडल्यावर आतल्या व्हॅल्यू कधीकधी डिफॉल्टवर गेलेल्या असतात, शून्यं. आम्ही डिफॉल्ट देणारा एकच व्हीआय केलाय, सगळे तिथूनच घेतात.

जुनाखोड:
ताईंचा मुद्दा कॉन्स्टंटचा शंभर टक्के. मीही हात पोळून घेतलेत.
बरं, लिमिट्सचा क्लास मान्य. तो "आत आहे का" वाला विचार चांगलाय, तो क्लासशिवायही करता येतो पण असो. क्यूमधले (रांगेतले) मेसेज आणि स्टेट मशीनचा (प्रोग्रॅम कुठल्या पायरीवर आहे ते सांभाळणारा भाग) एनम, म्हणजे पायऱ्यांच्या नावांची यादी, मात्र टाइपडेफच राहणार, तिथे क्लास घातला तर नवीन पोरगं पंधरा दिवस नुसतं डबल क्लिक करत बसेल.

वायरमन_पुणेकर:
एनमचं कोण म्हणतंय, एनमला माझाही टाइपडेफच. मी डेटाचं बोलतोय. डिस्कवर सेव्ह करत असाल तर अजून एक फायदा, क्लास स्वतःचा जुना आकार लक्षात ठेवतो, गेल्या वर्षीची फाइल नव्या क्लासमध्ये उघडते. फ्लॅटन केलेल्या (सरळ बाइट्स करून सेव्ह केलेल्या) क्लस्टरला ते जमत नाही, एक फील्ड वाढलं की जुनी फाइल रद्दी.

जुनाखोड:
हे मान्य. पण खरं सांगा, तो साधा अनबंडल टाकला होता कोणी? भिंतीवर नियम असताना?

वायरमन_पुणेकर:
मीच. २०१४ साली. तेव्हा कागद चिकटवला नव्हता.