तांब्याचं काम की इंटिरियर डिझाइन? बडोद्यातल्या मुलीसाठी सल्ला हवा

दांडियाबाजारची आई
नमस्कार मंडळी. लेक यंदा बारावी झाली. माझे सासरे तांबट, घराणं मूळचं पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीतलं. ते गेल्यावर त्यांचे हातोडे माळ्यावर पडून होते, ते हिने दिवाळीच्या साफसफाईत उतरवले आणि तेव्हापासून ठोकणं चालू आहे. एक वाडगा केलाय. एका बाजूला मठार (हातोडीच्या ठोक्यांची नक्षी) अगदी ओळीत बसलाय, दुसऱ्या बाजूला काठ चिरलाय. येईल त्या पाहुण्याला ती चीर दाखवून विचारते, ही का पडली असेल?
ह्यांचं म्हणणं, इंटिरियर डिझाइनला घाल, चार पैसे नेमाने मिळतील. मला दोघांचंही पटतं, म्हणूनच अडकले आहे. बडोद्यात राहून काय शिकता येईल?

मठारकाम
ताई, आधी चिरेचं सांगतो. तांबं ठोकत गेलं की ताठतं. ते मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझवलं की पुन्हा मऊ पडतं. पोलादाचं उलट, ते असं विझवलं तर कडक होतं. तिने मध्ये तापवलं नसणार. हातोडीचा आवाज बदलला, हातोडी उसळायला लागली, की थांबून पत्रा तापवायचा. हे कान देऊन ऐकूनच कळतं.
आता शिक्षण. माझी मकरपुऱ्यात फॅब्रिकेशनची शेड आहे, त्यामुळे आयटीआयची पोरं रोज बघतो. वेल्डर एक वर्षाचा, फिटर दोन वर्षांचा. फिटर केलेल्याला मापाची शिस्त असते, पुढे ॲप्रेंटिसशिपही मिळते. पण तिथे मठार किंवा कल्हई शिकवत नाहीत, ते उस्तादाकडेच. घडवण्याची ओढ असेल तर सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समधलं शिल्पकला बघा. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते हाताच्या कामाला शास्त्राची जोड मिळावी म्हणूनच. आपल्याच गावात हे असताना मुलीने पुष्पबागेत, म्हणजे फाइन आर्ट्सच्या आवारात, एक चक्कर तरी मारावीच.
आणि सरकारच्या पीएम विश्वकर्मा योजनेचं कोणी सुचवेल. लोहार, सोनार, मूर्तिकार असे १८ धंदे त्यात आहेत, अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात. पण ती योजना आधीपासून धंदा करणाऱ्यांसाठी आहे. सुरुवातीचं प्रशिक्षण जेमतेम पाच-सात दिवसांचं, नवशिक्याचं त्यात भागणार नाही.

रावपुरा इंटिरियर्स
मी बारा वर्षं याच कामात आहे. आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते, इंटिरियर डिझायनरला तशी सक्ती नाही. त्यामुळे सहा महिन्यांच्या डिप्लोमाच्या पाट्या गल्लोगल्ली दिसतात. तिथे पैसे भरायच्या आधी त्यांच्या जुन्या मुलांची कामं प्रत्यक्ष जागेवर जाऊन बघा, सॉफ्टवेअरवरची चित्रं नव्हेत. नीट शिकायचं तर अहमदाबादला एनआयडी किंवा सेप्ट या संस्था. दोन्हीकडे प्रवेश परीक्षा असते आणि तयारीला वर्ष हाताशी असलेलं बरं.
माझा एक अनुभव सांगते. सुरुवातीला एका देवघरासाठी पितळी जाळी करून घेतली. माप मी विटांच्या भिंतीवर घेतलं, प्लास्टरची जाडी धरलीच नाही. जाळी बसेना. कारागिराने चारही कडा कानशीने घासून बसवली, पण कडेची नक्षी कापली गेली. ती कापलेली फुलं मला अजून दिसतात. धातूचं काम माहीत असतं तर मी प्लास्टर झाल्यावरच माप दिलं असतं.
म्हणून ज्या मुलीने स्वतः पत्रा ठोकलाय तिने डिझाइनकडे यावं असं मला मनापासून वाटतं. तांब्याचे दिवे, पितळी मुठी, जाळ्या गिऱ्हाईक मागतं, पण ते कागदावरून कारागिराला समजावून सांगणारे फार थोडे आहेत.

मठारकाम
हे मान्य. फक्त क्रम उलटा नको. आधी हात बसू द्या, डिग्री मागून आली तरी चालेल. सतराव्या-अठराव्या वर्षी मनगट जसं वळतं तसं पंचविशीत वळत नाही.

दांडियाबाजारची आई
दोघांचे आभार. एक विचारते. मुलीला शेडवर कोणी उभं करेल का? आमच्या घरात बायकांनी फक्त भांड्यांना चिंच लावली, हातोडी कधी धरली नाही.

मठारकाम
माझ्याकडे करतो. जूनपासून तीन महिने, सकाळी नऊ ते एक. बंद बूट, सुती कपडे, केस बांधलेले, डोळ्यांना चष्मा. पहिले पंधरा दिवस नुसता सपाट पत्रा, वाडगा नाही. तुम्ही पण येऊन बघा. आणि तो चिरलेला वाडगा बरोबर आणायला सांगा, काठाला डाक (धातू वितळवून सांधा) कसा द्यायचा ते त्यावरच दाखवतो.

रावपुरा इंटिरियर्स
दुपारनंतर आठवड्यातून दोनदा माझ्या साइटवर पाठवा. मापं घ्यायला शिकवते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.