रुजू होतानाचं सुरक्षा प्रशिक्षण: उपयोग की नुसती सही?

रातपाळी: नवीन नर्स, टेक्निशियन, वॉर्डबॉय रुजू झाले की चार तास हॉलमध्ये बसवायचं, आगीपासून कचऱ्याच्या पिशव्यांपर्यंत सगळं एका दमात सांगायचं आणि हजेरीपटावर सही घ्यायची. हे बंद करा. तोच वेळ वॉर्डात सीनियरच्या हाताखाली द्या. वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नाही, हे मी स्लाइडवर वाचलं होतं. तरी तिसऱ्याच आठवड्यात, पहाटे चारला, लावायला गेले आणि सुई बोटात घुसली.

साधासरळ: मग काय केलंत?

रातपाळी: साबण-पाण्याने धुतलं, इन्चार्जला सांगितलं. दोन तासांत एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या सुरू. २८ दिवस घेतल्या, मळमळीचं विचारू नका.

साधासरळ: म्हणजे हॉलमधलं ऐकलेलंच कामी आलं की! गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं. आणि सीनियरचं म्हणाल, तर मला एकाने "बोट दाबून रक्त काढ" असं सांगितलं होतं. दाबायचं नसतं. हाताखाली शिकताना खोडीही उतरतात.

रातपाळी: हे मान्य. पण एन-९५ मास्क ९५ टक्के कण अडवतो, हे ऐकून काय उपयोग? कडेने हवा जात असेल तर तो नावापुरता. माझी फिट टेस्ट, म्हणजे मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो का याची तपासणी, कधी झालीच नाही. दाढीवर तो नीट बसत नाही, हेही कुणी सांगितलं नाही.

पिशवीवाला: तुमचं सगळं नर्स-डॉक्टरांभोवती चाललंय. कचऱ्याच्या पिशवीतली सुई आम्हाला टोचते, आणि कंत्राटी सफाईवाल्यांना त्या हॉलमध्येही बोलावत नाहीत. बाधित रुग्णाच्या सुईतून एचआयव्ही होण्याचा धोका सुमारे ०.३ टक्के. हिपॅटायटिस बीचा, लस घेतली नसेल तर, ३० टक्क्यांपर्यंत. त्याची लस आहे, तीन डोसांची. पहिल्या दिवशी सहीआधी तेवढं विचारा. रातपाळी, एक सांगा, टोपण लावलंतच का?

रातपाळी: वापरलेल्या सुया टाकायचा डबा काठोकाठ भरला होता. उघडी सुई ट्रेमध्ये कशी ठेवणार?

साधासरळ: तीन-चतुर्थांश भरला की बदलायचा असतो ना?

रातपाळी: रात्री कोण बदलणार? नवा डबा स्टोअरमध्ये, आणि स्टोअरची किल्ली दिवसपाळीकडे.