मदत हवी आहे : कृष्णेवरचा हा रेल्वेपूल कुडचीचा की मिरजेकडचा?

नमस्कार मंडळी, मी बेळगाव जिल्ह्यातल्या उगार खुर्दचा. आजोबा रेल्वेत गँगमन होते. त्यांच्या पेटीत कृष्णेचे दोन जुने फोटो मिळाले. गावच्या वाचनालयात नदीच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन मांडतोय. त्यात एका पुलाखाली दुसऱ्याच गावाचं नाव जायला नको.

पहिल्या फोटोत दगडी खांबांवर लोखंडी गर्डर, त्यावर मीटर गेजची (एक मीटर अंतराच्या रुळांवरची) गाडी आणि खाली काठोकाठ नदी. इंजिनाच्या टेंडरवर (मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यावर) 'एम. एस. एम.', म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे, एवढं वाचता येतं. सदर्न मराठा रेल्वे १९०८ साली मद्रास रेल्वेला जोडली गेली तेव्हा हे नाव आलं, आणि १९५१ मध्ये दक्षिण रेल्वे झाल्यावर गेलं. म्हणजे काळ साधारण कळला. ठिकाण मात्र अडलंय. घरचे ठामपणे सांगतात, हा आपला उगार-कुडची मधला पूल. पण मिरजेहून कोल्हापूरला जातानाही जयसिंगपूरच्या अलीकडे गाडी कृष्णा ओलांडते. तोही मार्ग मीटर गेजचाच होता आणि गाड्या याच कंपनीच्या. मग टेंडरवरच्या अक्षरांवरून काय ठरवायचं?

दुसऱ्या फोटोच्या मागे फक्त 'अंकली' लिहिलंय. होडीत माणसं, मागे रस्त्याचा पूल. चिकोडी तालुक्यातली मांजरीजवळची अंकली की मिरज तालुक्यातली? दोन्ही कृष्णाकाठच्याच! जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद : आधी पुलाचे गाळे (दोन खांबांमधल्या मोकळ्या जागा) मोजा आणि उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर दोन्ही ठिकाणी जाऊन ताडून बघा. गेज बदलताना गर्डर बदलले असतील, म्हणून भर खांबांवर द्या. खांबाचं टोकदार अंग प्रवाहाला सामोरं असतं, त्यावरून फोटो नदीच्या वरच्या अंगाने काढलाय की खालच्या, ते कळेल. फोटो अल्बममधून ओरबाडून काढू नका. स्कॅन मात्र पुढून-मागून दोन्ही करा, मागचा शिक्काही कामाला येतो.

धागाकर्ता : फार आभार दादा. खांबांची टोकं दिसतात, पण फोटोची डावी कड कापलेली आहे, त्यामुळे गाळे पूर्ण मोजता येत नाहीत. कुडची, चिंचली, जयसिंगपूर भागातल्या कुणाच्या घरी दोन्ही काठ दिसणारा मीटर गेजच्या काळातला फोटो असेल तर कृपया इथे टाका. मूळ प्रत नको, स्कॅन पुरे.