मदत हवी आहे: मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरचा सीजी (कंप्युटरवर बनवलेला) डबा घसरतोय आणि चिकटवल्यासारखा दिसतोय

रेंडरबाकी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. ॲनिमेशन-व्हीएफएक्सच्या डिप्लोमाला आहे, दुसरं सत्र. अरेतुरे चालेल. सत्राअखेर एक शॉट द्यायचाय: मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर स्टीलचा जेवणाचा डबा, त्याचं झाकण वर उडतं आणि कठड्यावर पडून डुगडुगत थांबतं. डबा आणि झाकण सीजी, बाकी सगळं खरं.

शूट फोनवर, ४के, सेकंदाला २५ फ्रेम, ८ सेकंद. कॅमेरा हातात, तोंड समुद्राकडे, वेळ संध्याकाळची. डावीकडून उजवीकडे दोन पावलं चालत. ११० ते १३० फ्रेमच्या दरम्यान एक गृहस्थ डब्यासमोरून जातात. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ऑटो डिटेक्टने साठेक ट्रॅकर (चित्रातल्या खुणांचा माग ठेवणारे बिंदू) टाकले, फोकल लेंग्थ २६ आणि सेन्सर विड्थ ७ मिमी दिली. सॉल्व्ह (ट्रॅकरवरून कॅमेऱ्याची चाल काढणं) केल्यावर एरर ४.७ पिक्सेल येतोय.

डबा कठड्यावरून हळूहळू सरकतो. कडेला काळी रेघ दिसते. कंपमध्ये (सीजी आणि शूट जोडताना) मूळ प्लेटच, म्हणजे शूट केलेलं चित्रच, फिकट पडते. आणि झाकण पडताना स्टीलचं न वाटता फुग्यासारखं वाटतं.

वर्गात मॉडेलिंगला दोन महिने मिळाले, मॅचमूव्हला (खऱ्या कॅमेऱ्याची चाल सीजी कॅमेऱ्याला देणं) दोन तासिका. बटणं कुठे आहेत ते कळलं, पण शॉट बिघडला की आधी कुठे बघायचं ते कळत नाही. सगळं पुन्हा करू की हेच दुरुस्त होईल?

---

दहापिक्सेल

पहिली चूक त्या ७ मिमीत आहे. फोन कंपन्या जो २६ आकडा सांगतात तो ३५ मिमी फिल्मच्या हिशोबातला असतो, म्हणजे त्याच्या जोडीला सेन्सर विड्थ ३६ हवी. २६ आणि ३६ मिळून आडवा कोन साधारण ६९ अंश येतो. २६ आणि ७ दिलेस तर तो १५ अंश होतो. सॉफ्टवेअरला वाटतंय तू टेलिफोटो लेन्स लावून बसला आहेस. एवढा खोटा कोन दिल्यावर ६० काय, ६०० ट्रॅकर टाकलेस तरी सॉल्व्ह बसणार नाही.

२६ सुद्धा डोळे झाकून घेऊ नकोस. व्हिडिओत स्टॅबिलायझेशन चालू असेल तर फोन चारी बाजूंनी चित्र कापतो आणि खरा आकडा वाढतो. घरी मोजता येतो. ज्या मोडमध्ये शूट केलंस त्याच मोडमध्ये फोन भिंतीपासून २ मीटरवर सरळ धर, भिंतीवर मेजरटेप आडवी लाव आणि फ्रेममध्ये किती रुंदी मावते ते वाच. फोकल म्हणजे ३६ गुणिले अंतर भागिले दिसणारी रुंदी. २.४ मीटर दिसली तर उत्तर ३०. ते टाक, आणि सॉल्व्ह करताना रिफाइनमध्ये फक्त फोकल लेंग्थ चालू ठेव. डिस्टॉर्शनही (लेन्समुळे येणारा बाक) एकदम चालू केलंस तर दोन्ही आकडे एकमेकांच्या चुका झाकत बसतात.

आता ट्रॅकर. ऑटो डिटेक्टला समुद्र फार आवडतो, कारण लाटांवर कॉन्ट्रास्ट भरपूर असतो. लाटेवरचा एकूण एक ट्रॅकर काढ. त्या गृहस्थांवरचे काढ. कठड्याची कड मागच्या इमारतीच्या कडेला जिथे छेदते तिथे खोटा कोपरा तयार होतो. कॅमेरा हलला की तो छेदबिंदू स्वतःच सरकतो, तोही काढ. मग हाताने टाक: कठड्यावरचे डाग, सांधे, पलीकडचे टेट्रापॉड, दूर मलबार हिलच्या इमारती. प्रत्येक फ्रेममध्ये कमीत कमी ८ लागतात, पण १५ ते २० ठेव आणि जवळ, मध्ये, लांब असे पसरव. सगळे कठड्याच्या एकाच पातळीवर असले तर खोली कळायला आधार उरत नाही. कीफ्रेम ए आणि बी अशा दोन फ्रेम निवड, ज्यांच्यात जवळचं आणि लांबचं एकमेकांच्या तुलनेत स्पष्ट सरकलेलं दिसतं.

एरर १ पिक्सेलच्या खाली आण, पण त्या आकड्यावर भाळू नकोस. मोजके ८ ट्रॅकर ठेवून ०.२ एरर आणता येतो आणि वस्तू तरीही घसरते. खरी परीक्षा म्हणजे तीन-चार ट्रॅकरच्या जागी छोटे शंकू उभे कर आणि २०० फ्रेम डोळ्याने बघ.

---

पोटमाळा

वरचं सगळं बरोबर, पण माझं मत पुन्हा शूट करण्याकडे. स्टॅबिलायझेशन चालू असेल तर प्रत्येक फ्रेमला चित्राचा मध्य वेगळीकडे सरकलेला असतो, आणि ते कुठल्याही फोकलने सुटत नाही. शिवाय फोनचा रोलिंग शटर: सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे हात झटकन हलला की सरळ खांब तिरका होतो. दोन पावलं सावकाश चाललास तर त्रास नाही, हिसका बसला की ट्रॅकर निसटलाच.

पुन्हा जाशील तेव्हा: इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन बंद, एचडीआर व्हिडिओ बंद, फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक, लेन्स आपोआप बदलणं बंद. शटर १/५०. संध्याकाळच्या उन्हात १/५० ला चित्र पांढरं फटक होईल म्हणून फोनवर बसणारा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लाव. तो नसेल तर शटर १/१००० वगैरे जाऊ दे, पण मग प्लेटमध्ये मोशन ब्लर नसेल आणि सीजीलाही नाममात्रच ठेवावा लागेल. दिवे लागल्यावर शूट करणार असशील तर १/५० किंवा १/१०० सोडून दुसरीकडे जाऊ नकोस. आपली वीज ५० हर्ट्झ, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, शटर जुळला नाही की चित्रात पट्टे धावतात.

कठड्यावर खडूने सहा-सात छोट्या फुल्या कर, नंतर पेंटने पुसता येतात. पट्टीने दोन फुल्यांमधलं अंतर मोजून वहीत लिही. आणि खरा डबा घेऊन जा! त्याच जागी ठेवून, तोच कॅमेरा, तीच चाल, दहा सेकंद शूट कर, मग डबा उचलून खरी प्लेट घे. सावली किती गडद, कड किती चमकते, सगळी उत्तरं त्या दहा सेकंदांत असतात.

---

लोकलट्रेनर

समुद्राऐवजी सीएसएमटीचा फलाट घ्या ना, ट्रॅकिंगला पॉइंटच पॉइंट.

---

पोटमाळा

रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय शूटिंग चालत नाही. सत्राअखेरच्या शॉटसाठी अर्ज करून वाट बघत बसण्यापेक्षा खडू स्वस्त.

---

नोडमाळ

कंपकडे येऊ.

प्लेट फिकट पडते कारण ब्लेंडर ४.० पासून व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रंग पडद्यावर कसे दिसावेत ते ठरवणारी सेटिंग) मुळातच एजीएक्स असतो. फोनने चित्राला आधीच एकदा कॉन्ट्रास्टचा मुलामा दिलेला आहे, त्यावर हा दुसरा बसतो. व्ह्यू ट्रान्सफॉर्म स्टँडर्ड कर, प्लेट जशीच्या तशी परत येईल. त्यानंतर डब्यावरची चमक फाटल्यासारखी दिसू लागेल, ती सीजीवर वेगळं कर्व्ह लावून मऊ कर, प्लेटला हात न लावता.

काळी रेघ म्हणजे अल्फाचा (पिक्सेल किती भरीव, किती पारदर्शक ते सांगणारा आकडा) दोनदा गुणाकार. कडेचा पिक्सेल अर्धा डबा, अर्धी हवा, म्हणून अल्फा ०.५. ईएक्सआर फाइलमध्ये रंग आधीच त्या ०.५ ने गुणलेला असतो. कंपने पुन्हा गुणला की ०.२५ उरतो, म्हणजे काळपट. पीएनजीत रंग गुणलेला नसतो. दोन्ही एकाच पद्धतीने जोडलेस की एकतर ईएक्सआरला काळी कड येणार, नाहीतर पीएनजीला पांढरी. १६ बिट हाफ फ्लोट ईएक्सआर वापर, रंग सुधारण्याआधी अनप्रीमल्टिप्लाय (तो गुणाकार काढ), सुधारून झाल्यावर प्रीमल्टिप्लाय (पुन्हा गुण), मग जोड.

आता सावली. हा शॉट माझ्या मते इथेच पडतो किंवा तरतो. कॅमेरा समुद्राकडे म्हणजे पश्चिमेकडे, आणि सूर्यही तिकडेच. तेव्हा डब्याची सावली कॅमेऱ्याच्या दिशेने पडणार, आणि लांब पडणार. सूर्य क्षितिजाच्या १० अंश वर असेल तर सावली उंचीच्या साडेपाच पटींहून जास्त. १५ सेंमीच्या डब्याची सावली ८५ सेंमी! कठड्यावर ती मावली नाही तर अलीकडच्या कडेवर मोडून खाली पदपथावर उतरेल. म्हणून शॅडो कॅचरला (स्वतः न दिसता फक्त सावली झेलणारा पृष्ठभाग) एक सपाट प्लेन पुरणार नाही. कठड्याचा माथा, त्याची अलीकडची बाजू आणि पदपथ, तिन्ही मॉडेल करून कॅचर कर. सूर्याचा कोन पाण्याच्या बाटलीवरून काढ: बाटली उभी कर, उंची आणि सावलीची लांबी मोज. सन लॅम्पचा अँगल अर्धा अंश ठेव, सावलीची कड बुडाशी धारदार आणि टोकाशी मऊ होते. सावली निव्वळ काळी नको. उन्हाच्या सावलीत आकाशाचा निळा उजेड असतोच. प्लेटमधल्या एखाद्या खऱ्या सावलीवर रंग मोजून त्याला जुळव.

स्टीलला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो, तो आजूबाजूचं दाखवतो. तुझ्या डब्याच्या कॅमेऱ्याकडच्या पोटावर समुद्र दिसणार नाही. तिथे तुझ्या पाठीमागचा रस्ता, गाड्या आणि इमारतींची ओळ दिसेल. म्हणजे पाठीमागचा फोटो नसेल तर डबा कधीच तिथला वाटणार नाही, नेटवरचा कुठल्यातरी परदेशी चौकाचा एचडीआरआय (उजेडासाठी वापरायचा चौफेर फोटो) लावून तर नाहीच. फोनवर ३६० अंशाचा फोटो घे. त्यात सूर्य फाटलेला असेल, तिथे सन लॅम्प वेगळा लाव. चकचकीत स्टीलचा गोळा मिळाला तर लांबून झूम करून, दोन-दोन स्टॉपच्या अंतराने पाच एक्स्पोजर घे.

शेवटी ग्रेन. सीजी गुळगुळीत, प्लेट दाणेदार. ग्रेन सगळ्या जोडणीनंतर फक्त सीजीच्या भागावर टाक. आणि प्लेटमधला सर्वांत काळा भाग मोज, समुद्राच्या धूसर हवेत तो ० नसतो. डब्याचा काळा त्याहून काळा असता कामा नये.

---

रेंडरबाकी

खूप आभार. सेन्सर ३६ केला, भिंतीवर मोजून फोकल ३१ निघाली. लाटांवरचे ट्रॅकर काढले. एरर ४.७ वरून ०.८ वर आला, डबा जवळजवळ थांबला. शेवटच्या वीसेक फ्रेममध्ये अजून थोडा तरंगतो. स्टॅबिलायझेशन चालूच होतं, त्यामुळे रविवारी पुन्हा शूट करतो. पुढून जाणाऱ्या गृहस्थांचं रोटो (कडेने आकार आखून वेगळं काढणं) कसं करू? प्रत्येक फ्रेमला पॉइंट हलवतोय आणि कड थरथरतेय. आणि झाकण?

---

दहापिक्सेल

थरथर नेमकी प्रत्येक फ्रेमला कीफ्रेम दिल्यामुळेच येते. डोकं, धड, वरचा हात, कोपराखालचा हात, प्रत्येक पाय, सगळ्यांना वेगळे आकार दे, सांध्यावर एकमेकांवर चढलेले. डोक्याला ८ ते १० पॉइंट पुष्कळ झाले. आधी पूर्ण आकार सरकवून आणि फिरवून बसव, पॉइंट सर्वांत शेवटी. २० फ्रेममध्ये पहिली कीफ्रेम पाऊल टेकतं तिथे, दुसरी पाय एकमेकांना ओलांडतात तिथे, मग त्यांच्या मध्यावर, मग गरज असेल तरच मध्याच्या मध्यावर. फेदर (कडेचा मऊपणा) सगळीकडे सारखा नको. झुलणाऱ्या हाताला जास्त, धडाला नगण्य. पुन्हा शूट करणारच आहेस, तर गृहस्थ समोरून जातील असाच टेक घे. मॅचमूव्ह, रोटो आणि कंप तिन्ही एका शॉटमध्ये दिसतात आणि इथल्या स्टुडिओंत नवख्यांना पहिली कामं बहुधा रोटो, पेंट, मॅचमूव्हचीच मिळतात.

---

टेकऑन्टू

झाकण फुग्यासारखं वाटण्याची दोन कारणं.

एक, मापं. सॉल्व्ह झाल्यावर दृश्याचं माप मनाला येईल ते असतं. फुल्यांमधलं मोजलेलं अंतर घेऊन सेट स्केल कर. डबा चुकून दहापट मोठा असेल तर सिम्युलेशनमध्ये झाकण पडायला तिपटीहून जास्त वेळ घेतं, कारण वेळ उंचीच्या वर्गमुळाने वाढतो.

दोन, स्पेसिंग, म्हणजे दर फ्रेमला वस्तू किती सरकते ते. सिम्युलेशन बाजूला ठेव, हाताने कर. ३० सेंमीवरून पडायला पाव सेकंद लागतो, २५ च्या हिशोबात ६ फ्रेम. वरून मोजलेलं अंतर फ्रेमगणिक: ०.८, ३, ७, १२.५, १९.६, २८ सेंमी. म्हणजे १, ४, ९, १६, २५, ३६ हे प्रमाण. सहाव्या फ्रेमला झाकण २ सेंमी अधांतरी लटकतं. तसं ठेवू नकोस, त्याच फ्रेमला टेकव. खाली आदळताना ईज (वेग हळूहळू उतरवणं) देऊ नकोस, कर्व्हला तिथे टोक हवं. तुझ्या फुग्याचं मूळ बहुतेक ते ईजच आहे. आपटल्यावर ३ सेंमी उसळी: दोन फ्रेम वर, दोन खाली.

मग डुगडुगणं. सगळे नवखे इथे वेग कमी करत नेतात. ताटली किंवा नाणं थांबताना उलट होतं, कल कमी होत जातो आणि फेरे वाढत जातात. कल १२, ८, ५, ३, दीड अंश, आणि एका फेऱ्याला ६, ५, ४, ३, २ फ्रेम. कल सी-सॉसारखा एका दिशेत नको, ज्या बाजूला झुकलंय ती बाजू गोल फिरत गेली पाहिजे. दोन फ्रेमच्या खाली दाखवताच येत नाही, तिथे सरळ थांबव. आवाजाचा खणखणाट मात्र पुढे ४-५ फ्रेम चालू दे.

---

रेंडरबाकी

कर्व्हला टोक दिलं, झाकण लगेच जड झालं! एक शेवटचं: एका फ्रेमला ३ मिनिटं लागतात, २०० फ्रेमला १० तास. थेट एमपी४ काढू का?

---

नोडमाळ

अजिबात नको. ईएक्सआर सीक्वेन्स काढ. १४० व्या फ्रेमला मशीन बसलं तर १४० पासूनच पुढे चालू करता येतं, अर्धवट एमपी४ मात्र उघडतही नाही. रेंडर रीजन डबा, झाकण आणि सावली एवढ्यापुरता आखून घे, ३ मिनिटांची वेळ बरीच उतरेल. पण कॅमेरा चालतोय, तेव्हा रीजन आखताना पहिली, मधली आणि शेवटची फ्रेम तपास, नाहीतर ८५ सेंमीची सावली मध्येच सरळ रेषेत कापली जाईल.