विजेच्या गाडीत डॅशकॅमला जीपीएस मिळेना, तर मोटरला दोष देऊ नका

हिरवी पाटी (पुणे)

गेले तीन आठवडे याच भानगडीत गेले. मांडतो, पटलं नाही तर खोडून काढा.

विजेची गाडी घेतली, महिन्याभरात डॅशकॅम, म्हणजे रस्त्याचं रेकॉर्डिंग करणारा कॅमेरा, बसवून घेतला. कॅमेरा पुढच्या काचेवर, जीपीएस त्याच्या चिकटपट्टीवाल्या स्टँडमध्येच. पहिल्या दिवसापासून पडद्यावरचं सॅटेलाइटचं चिन्ह लाल. मुंबईला जाताना द्रुतगती मार्गावर उघड्या आभाळाखाली अर्धा तास गाडी चालली तरी लालच. बसवणाऱ्या दुकानात गेलो, तर उत्तर मिळालं, "साहेब, इलेक्ट्रिक गाडी आहे, मोटरचं मॅग्नेटिक फील्ड असतं, जीपीएसला त्रास होणारच." कॅमेरा बदलून घेतला, नवाही तसाच. मग स्वतःच हात घातला.

पहिली गोष्ट, कॅमेरा पॉवर बँकेवर लावून गच्चीवर नेला. मिनिटभरात चिन्ह हिरवं, ९ उपग्रह. म्हणजे कॅमेरा धडधाकट. दुसरी, गाडी पूर्ण बंद करून सोसायटीच्या मोकळ्या जागेत उभी केली आणि कॅमेरा पॉवर बँकेवरच ठेवून नेहमीच्या जागी चिकटवला. मोटर बंद, चार्जिंग बंद, तरी पंधरा मिनिटांत ३ उपग्रह आणि चिन्ह लाल. जागा नक्की करायला किमान ४ उपग्रह लागतात. जी मोटर फिरतच नव्हती तिच्यावर आळ घ्यायचा कसा?

मग फास्टॅगकडे लक्ष गेलं. तो टोलवर कधी अडला नव्हता. फास्टॅगही रेडिओवरच चालतो, आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर. शोरूमवाल्याने तो आरशामागे, काचेवर काळ्या ठिपक्यांची नक्षी आहे तिथे लावला होता. गाडीचं माहितीपुस्तक उघडलं तर त्यात चक्क आकृती होती. उन्हाची धग परतवण्यासाठी या काचेत धातूचा अतिशय पातळ थर आहे आणि टॅगसारख्या वस्तूंसाठी आरशामागे एक पट्टा मुद्दाम त्या थराविना सोडलेला आहे. माझा कॅमेरा त्या पट्ट्याच्या चार बोटं खाली होता. वर सरकवला, टॅगपासून अंतर ठेवलं, आणि दीड मिनिटात ७ उपग्रह.

पण गाडीच्या १२ व्होल्ट सॉकेटमधला स्वस्तातला चार्जर लावला की आकडा ७ वरून ४, मग २. गाडी बंदच. चार्जर काढून पॉवर बँक जोडली की पुन्हा ७. शेवटी चार्जर बदलला, वायरीवर खरखर शोषणारा फेराइटचा मणी चढवला आणि वायर स्टँडपासून दूर, उलट्या बाजूने फिरवली. त्यानंतर कात्रजचा जुना घाट चढून उतरलो. चढताना पायाखाली पेडल दाबलेलं, उतरताना गाडी ब्रेकमधून वीज परत घेतेय, म्हणजे मोटर आणि तिला बॅटरीची वीज पुरवणारा इन्व्हर्टर दोन्ही पुरेपूर कामाला. उपग्रह ८ ते १०, एकदाही तुटले नाहीत.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं चाललं होतं. दोष काचेत आणि चार्जरमध्ये, आणि दुरुस्ती म्हणून मी कॅमेरे बदलत होतो.

दुसरं ठाम मत: विजेच्या गाडीत पार्किंग मोडसाठी, म्हणजे उभ्या गाडीतही रेकॉर्डिंग व्हावं म्हणून, कॅमेरा हार्डवायर करू नका, थेट गाडीच्या फ्यूजवर जोडू नका. गाडी चालू असताना कॅमेरा चालू, बंद झाली की बंद, एवढंच ठेवा. माझ्या मेहुण्याची गाडी विमानतळावर पाच दिवस उभी होती. परत आला तर मोठ्या बॅटरीत ७८ टक्के चार्ज आणि गाडी मेलेली. दारसुद्धा किल्लीच्या पात्याने उघडावं लागलं. १२ व्होल्टची छोटी बॅटरी डॅशकॅमने संपवली होती. मोठी बॅटरी गाडीला जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठे स्विच, त्या छोट्या बॅटरीच्या जोरावरच जोडले जातात, ती गेली की ७८ टक्के असून नसल्यासारखे.

घाटवाट (कोल्हापूर)

काचेचं पटत नाही दादा. माझीही विजेचीच गाडी, तसलीच धग परतवणारी काच. फोन डॅशबोर्डवर ठेवतो, नकाशा अगदी बरोबर चालतो. काच जीपीएस अडवत असती तर फोनचंही अडलं असतं की नाही? आणि मोटरचं म्हणाल तर एएम रेडिओ लावून बघा. गाडी चालू केली की खरखर, पेडल दाबलं की खरखर वाढते. कितीतरी कंपन्यांनी विजेच्या गाड्यांमधून एएम काढूनच टाकला तो उगीच नाही.

हिरवी पाटी (पुणे)

फोनची गोष्ट वेगळी आहे. डॅशकॅमला प्रत्येक उपग्रहाच्या कक्षेची माहिती त्या उपग्रहाकडूनच ऐकावी लागते. ती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवली जाते आणि मध्येच सिग्नल तुटला तर पुढच्या फेरीची वाट बघायची. फोन तीच माहिती इंटरनेटवरून आयती उचलतो, जोडीला मोबाइल टॉवर आणि आसपासच्या वायफायचा आधार घेतो. शिवाय काच सगळाच सिग्नल अडवत नाही, पातळ करते. बाजूच्या काचांतूनही थोडा येतो. फोनला तेवढं पुरतं, कॅमेऱ्यातल्या छोट्या अँटेनाला पुरत नाही.

एएमचं निरीक्षण खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर लागतं आणि जीपीएस १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, जवळपास २ हजार पट वर. इन्व्हर्टरची उघडझाप सेकंदाला काही हजार वेळा होते, तिचा गोंगाट एएमच्या पट्ट्यात जोरात पोचतो आणि वर जावं तसा विरत जातो.

वायरमन (नाशिक)

भाऊ, बाराएक वर्षं गाड्यांची वायरिंग करतोय. तुमचं उत्तर अर्धंच आहे. तुमच्या त्या सॉकेटमधल्या चार्जरची उघडझापसुद्धा किलोहर्ट्झमध्येच असते. मग त्याने तुमचे उपग्रह कसे पळवले? फ्रीक्वेन्सीचा हिशेब दोघांना सारखाच लावा.

खरं कारण अंतर आणि आवरण. इन्व्हर्टर जाड धातूच्या डब्यात बंद असतो, त्याच्या उच्च व्होल्टेजच्या नारिंगी केबलांना जाळीचं आवरण असतं आणि मध्ये गाडीचा पत्रा. तो जीपीएसपासून हातभर लांब. स्वस्त चार्जरला ना आवरण ना फिल्टर, आणि त्याची वायर थेट अँटेनाच्या कुशीत जाते, वायरच अँटेना बनते. वर कॅमेऱ्याचा प्रोसेसर शेजारीच. जीपीएसचा सिग्नल २० हजार किलोमीटरवरून येतो, रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीखाली दबलेला असतो. त्याला बिघडवायला कानाशी कुजबुज पुरते, लांबच्या ढोलाची गरज नाही.

आता पार्किंग मोड. यात मी तुमच्या विरोधात आहे. तुमच्या मेहुण्यांच्या गाडीत हार्डवायरचं किट बसवलं कसं होतं ते पाहिलंत का? किटला तीन वायरी. पिवळी कायम करंटला, लाल गाडी चालू झाल्यावर येणाऱ्या करंटला, काळी बॉडीला. घाईत लोक पिवळी आणि लाल एकाच फ्यूजवर मारतात. मग कॅमेऱ्याला गाडी कायम चालूच वाटते, तो पार्किंग मोडमध्ये जातच नाही आणि रात्रंदिवस पूर्ण रेकॉर्डिंग करत बसतो. पाच दिवसांत बॅटरी बसणारच. हा फिटिंगचा दोष आहे.

हिरवी पाटी (पुणे)

अंतर आणि आवरण हे मान्य, माझं कारण अपुरं होतं. आणि मेहुण्याला विचारलं, दोन्ही वायरी एकाच फ्यूजवर होत्या.

तरी हिशेब बघा. नीट पार्किंग मोडमध्येही कॅमेरा पाव अँपिअर घेतो असं धरलं तर दिवसाला ६ अँपिअर-तास. बॅटरी ४० अँपिअर-तासांची असेल तर तीन-साडेतीन दिवसांत अर्धी. कोणी म्हणेल कटऑफ आहे, व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेला की तो कॅमेरा बंद करतो. पण १२.० किंवा ११.८ व्होल्टचा कटऑफ शिशाच्या बॅटरीसाठी ठरवलेला. काही विजेच्या गाड्यांत ही छोटी बॅटरीही लिथियमची येते, तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत ताठ राहतो आणि मग एकदम कोसळतो. कटऑफला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

वायरमन (नाशिक)

म्हणून तर अंदाजाने बसवायचं नाही. बॅटरीवर ब्लूटूथ मॉनिटर लावा, दार न उघडता फोनवर व्होल्टेज दिसतो. दार उघडलंत की गाडी जागी होते आणि आकडा खोटा येतो. आधी कॅमेऱ्याशिवाय दोन रात्री बघा. बऱ्याच गाड्या उभ्या असताना मध्येच मोठ्या बॅटरीतून छोटीला चार्ज देतात, आकडा आपोआप १३-१४ च्या घरात जातो. तुमची गाडी तसं करत असेल तर एका रात्रीचा पार्किंग मोड तिला जड नाही. करत नसेल तर मी स्वतःच नको म्हणतो. आठवडाभर बाहेर जायचं असेल तेव्हा तर फ्यूज काढूनच ठेवा.

फ्यूज निवडताना अजून एक. पेट्रोल गाडीत जो फ्यूज चावी फिरवल्यावर जिवंत होतो, तो विजेच्या गाडीत चार्जिंग लावल्यावरही जिवंत होऊ शकतो, फोनच्या ॲपने गाडी उठवली तरी होतो. मग रात्रभर चार्जिंगला लावलेली गाडी रात्रभर घराची भिंत रेकॉर्ड करते आणि जागा भरली की जुनं पुसलं जात असल्याने सकाळी मेमरी कार्डावर कालचा प्रवास पुसलेला. मल्टिमीटर लावून गाडी बंद, चालू, चार्जिंगला आणि कुलूप लावून अर्ध्या तासाने, असं चारही वेळा तपासा. नारिंगी केबलांच्या आसपासही जाऊ नका. आणि ए-पिलरवरून, म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबावरून, वायर नेताना ती पडदा एअरबॅगच्या (बाजूच्या काचांवर उघडणाऱ्या) मागून न्या, पुढून नाही. पुढून नेलेली वायर मी दोन गाड्यांतून स्वतः काढली आहे. एअरबॅग फुगला तर ती कुठे अडकेल याचा विचारच बसवणाऱ्याने केला नव्हता.

ऊन नागपूरचं

मला मुळातच प्रश्न आहे. एवढा खटाटोप त्या जीपीएससाठी कशाला? कॅमेरा पुढचं दाखवतो, नंबर दिसतो, पुरे. जीपीएस म्हणजे तुमच्या प्रत्येक फेरीची नोंद तुमच्याच काचेवर. उद्या अपघातात तुमची चूक नसली तरी समोरचा वकील म्हणेल, यांचाच कॅमेरा सांगतो वेग ७२ होता. मी जीपीएस नसलेला कॅमेरा घेतला आणि सॉकेटमध्ये लावला. आमच्या मे महिन्यात उभ्या गाडीत काय तापतं ते तुम्हाला पुण्यात कळायचं नाही. आत लिथियम बॅटरी असलेला पहिला कॅमेरा दुसऱ्याच उन्हाळ्यात फुगला. आता बॅटरीऐवजी कपॅसिटर असलेला आहे, तो उष्णता जास्त सोसतो.

काळा कोट (ठाणे)

ताई, वेगाची भीती समजते. पण जीपीएसमुळे वेगापेक्षा मोठी गोष्ट मिळते, वेळ. कॅमेऱ्याचं घड्याळ स्वतःहून मागेपुढे होतं, आतला सेल बसला की थेट १ जानेवारीवर जातं. माझ्याकडे एका अशिलाची क्लिप आली, धडक अगदी स्वच्छ दिसते, पण कोपऱ्यातली तारीख दोन वर्षांपूर्वीची. समोरच्याने पहिलं बोट तिथेच ठेवलं. जीपीएस असेल तर घड्याळ उपग्रहावरून लागतं. फक्त भारताची वेळ, म्हणजे अधिक ५:३०, सेट करा, नाहीतर साडेपाच तासांचा फरक राहतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ नुसार अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून काढलेला तिचा ठसा, येतं. व्हॉट्सॲपवरून फिरलेली क्लिप दाबली जाते, हॅश बदलतं. अपघात झाला की कार्ड बाहेर काढा आणि तसंच ठेवा.

ऊन नागपूरचं

वेळेचं पटलं. पण मग पडद्यावर वेळ आणि जागा ठेवून वेग बंद करता येतो ना?

काळा कोट (ठाणे)

पडद्यावरून जातो. पण बऱ्याच कॅमेऱ्यांत तो फाइलच्या आत नोंदलेला राहतो, वाचणाऱ्याला वाचता येतो. लपवता येईल असं समजून जीपीएस घेऊ नका.

घाटवाट (कोल्हापूर)

आज संध्याकाळी दादांनी सांगितलं तसं करून पाहिलं. गाडी बंद, पॉवर बँक. जुन्या जागी ४ उपग्रह, तेही येऊन-जाऊन. आरशामागे ठिपक्यांपाशी धरला तर ८. काचेबाबत मी चुकलो होतो. गाडी चालू करून पेडल दाबलं, आकडा हलला नाही. पण मागची काच गरम करायचं बटण दाबलं की मागच्या कॅमेऱ्याच्या चित्रात आडव्या रेषा येतात. ती काय भानगड?

वायरमन (नाशिक)

मागच्या कॅमेऱ्याची वायर त्या गरम पट्ट्यांच्या जोडणीला चिकटून गेली असेल. डिकीच्या रबरी नळीतून वायर बाहेर येते तिथे बघा, वेगळ्या बाजूने फिरवा. बॉडीला दिलेली काळी वायर रंगावर बसवलेली नाही ना, तेही तपासा. रंग खरवडून नटाखाली उघडा पत्रा लागला पाहिजे.

हिरवी पाटी (पुणे)

मी मॉनिटर मागवला आहे. दोन रात्री कॅमेऱ्याशिवाय, दोन रात्री कॅमेऱ्यासह, चारही रात्रींचे आकडे इथेच टाकतो. गाडी मध्येच स्वतःहून छोट्या बॅटरीला चार्ज देताना दिसली तर पार्किंग मोडवरचं माझं मत मागे घेईन. विमानतळावर गाडी सोडताना मात्र फ्यूज काढूनच जाईन.